अठ्ठेचाळीस व्होल्टचा हिशोब

देवगडच्या जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि आजच्या मोबाईल टॉवरखालच्या पेटीत एक गोष्ट अजून तीच आहे : 48 व्होल्ट. दोन-दोन व्होल्टचे 24 सेल ओळीने जोडले की 48 व्होल्ट होतात, आणि त्यांचं धन टोक जमिनीला बांधतात. ऋण टोक नव्हे, धनच. तसं केलं की ओल्या हवेत तांब्याची तार गंजत नाही. आमच्यासारख्या खाऱ्या वाऱ्याच्या गावात या एका नियमानं किती तारा वाचवल्या असतील!

मी टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो. खात्याची बीएसएनएल 1 ऑक्टोबर 2000 ला झाली, माझं काम तेच राहिलं. मोबाईलच्या नेटवर्कने वीज कमी खावी, डिझेल जाळू नये, अशी चर्चा आता सगळीकडे चालते. ती ऐकताना मला वाटतं, हा हिशोब आम्हाला नवा नव्हता. आमच्या धंद्याची सुरुवातच काटकसरीतून झाली होती.

हँडलचा फोन आठवून बघा. हँडल फिरवलं की आतला मॅग्नेटो फिरायचा आणि एक्स्चेंजमध्ये पट्टी पडायची. घंटेची वीज माणसाच्या मनगटातून यायची. बोलण्यापुरते दोन कोरडे सेल फोनच्या डब्यात असायचे आणि ते महिनोन् महिने टिकायचे. रिसीव्हर ठेवला की सेलमधून काही जात नसे. बोलणं नाही तर खर्च नाही.

मग एक्स्चेंजमध्ये बॅटरी रूम आली. त्या खोलीचा आंबूस, घशाला लागणारा वास मला आजही आठवतो. काचेच्या नळीचा हायड्रोमीटर सेलमध्ये बुडवायचा, रबरी फुगा दाबून आम्ल वर ओढायचं आणि तरंगत्या काट्यावरचा घनतेचा आकडा वहीत लिहायचा. 1.200 च्या आसपास असेल तर सेल ठणठणीत. त्याखाली उतरला की चार्जिंग वाढवायचं, पातळी घटली की डिस्टिल्ड वॉटर घालायचं. वीज जायची, पण एक्स्चेंज बंद पडत नसे. कारण प्रत्येक सेलची तब्येत कुणीतरी रोज बघत असे.

या काटकसरीतलं सगळ्यात शहाणपणाचं यंत्र 1986 मध्ये आलं. सी-डॉट ही संस्था 1984 मध्ये सुरू झाली आणि दोनच वर्षांत तिचं 128 पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज कर्नाटकातल्या कित्तूरला लागलं. ते तेव्हाच्या आयात एक्स्चेंजसारखं नव्हतं, त्याला वातानुकूलित खोली लागत नसे. आतले कार्ड कमी वीज घेत, कमी तापत, आणि उष्णता आपोआप वर निघून जाई. आपल्या खेड्यात एसी नसतो, वीज टिकत नाही, हे गृहीत धरून आपल्या इंजिनिअरांनी ते घडवलं. पुढे 1990 च्या दशकात खेड्यांतल्या सार्वजनिक फोनसाठी रेडिओवरची जोडणी आली, तिच्याबरोबर सौर पॅनेलही आलं. किनाऱ्यावर पॅनेलच्या काचेवर खाऱ्या दवाचा पापुद्रा धरतो. ओल्या फडक्याने तो पुसला नाही तर बॅटरी भरत नाही, हे आम्ही तेव्हाच शिकलो.

त्याच 1986 सालात देवगडच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. देशातल्या पहिल्या प्रात्यक्षिक पवनऊर्जा प्रकल्पांत गुजरातचे मांडवी आणि ओखा, तमिळनाडूचं तुतिकोरीन, ओडिशाचं पुरी आणि आपलं देवगड होतं. एकेक यंत्र 55 किलोवॅटचं. आज एका टॉवरला साधारण तीन किलोवॅट लागतात असं धरलं, तर भर वाऱ्यात तसं एक यंत्र अठरा टॉवर चालवील.

आणि तरीही मोबाईल आला तो डिझेलवर. भारतातला पहिला मोबाईल कॉल 31 जुलै 1995 ला झाला आणि पुढच्या पंधरा वर्षांत देशभर लाखो टॉवर उभे राहिले. टॉवरच्या पायथ्याशी बंद खोली, तिला दोन एसी आणि बाहेर 15 केव्हीएचा जनरेटर. एसी मुख्यतः बॅटरीसाठी लागे, कारण शिशाची बॅटरी 25 अंशांवर जितकी टिकते, त्याच्या निम्मीच 35 अंशांवर टिकते. जनरेटर मोठा लागे तो एसी सुरू होताना बसणाऱ्या झटक्यासाठी. एरवी तो तीन-चार किलोवॅटवर रेंगाळत तासाला सुमारे दोन लिटर डिझेल पीत राही. शेजारच्या आजी म्हणायच्या, "रातभर ह्यां वरडता, झोप खंय लागतली?" 2011 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने देशातले टॉवर वर्षाला सुमारे 200 कोटी लिटर डिझेल जाळतात असं मांडलं. लिटरमागे अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे 50 लाख टनांच्या घरात जातं.

त्यानंतर चक्र उलटं फिरू लागलं. जानेवारी 2012 मध्ये दूरसंचार विभागाने आदेश काढला : 2015 पर्यंत ग्रामीण भागातले 50 टक्के आणि शहरी 20 टक्के टॉवर ग्रिड व अपारंपरिक ऊर्जा अशा जोडीवर चालावेत, 2020 पर्यंत 75 आणि 33 टक्के. यंत्रंही सुधारली. पूर्वी रेडिओ खाली खोलीत असे आणि जाड केबल चढून वर जाईपर्यंत निम्म्याच्या आसपास शक्ती तारेतच जिरे. आता रेडिओ वर अँटेनाशेजारीच बसतो आणि उघड्या हवेवर थंड राहतो. खोली गेली, एसी गेला. लिथियम बॅटरी उन्हाला जास्त तग धरते. रात्री बोलणं थांबलं की नवे रेडिओ आपले काही भाग झोपवून ठेवतात. बोलणं नाही तर खर्च नाही, हा हँडलच्या फोनचा नियम असा परत आला. कंपन्या एकच टॉवर वाटून वापरतात, त्यानेही लोखंड आणि वीज वाचली. 27 सप्टेंबर 2025 ला बीएसएनएलच्या स्वदेशी 4जी टॉवरांचं उद्घाटन झालं, त्यांत फोन न पोहोचलेल्या गावांसाठीचे सौर टॉवरही आहेत.

पण देवगडचा प्रश्न नुसत्या सौर पॅनेलने सुटत नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागून गेलं. खांब कोसळले, वीज गेली, बॅटऱ्या संपल्या तसे मोबाईलही मुके झाले. होडीवर गेलेल्या माणसाची खबर मिळेना. आमच्याकडे जून ते ऑगस्ट ऊन नसतं आणि नेमक्या त्याच महिन्यांत लाइन तुटतात. वारा मात्र त्याच दिवसांत सगळ्यात जोराचा असतो. म्हणून किनाऱ्यावरच्या टॉवरला पॅनेलसोबत लहान पवनचक्की आणि पुरेशी बॅटरी हवी. कातळात अर्थिंग धरत नाही, तेव्हा कोळसा-मिठाचे खोल खड्डेही हवेत. उन्हाळ्यात त्यांत पाणी ओतायला आणि पॅनेल पुसायला पगारावर ठेवलेला माणूस हवा. यंत्र कितीही हुशार असो, देखभाल माणसानेच करायची असते.

मी गावच्या सरपंचांना आणि ग्रामसभेला एवढंच सांगतो. टॉवरसाठी जागा मागायला कुणी आलं की भाड्याच्या आकड्याबरोबर तीन प्रश्न विचारा. वीज कुठून येणार? लाइन तुटल्यावर किती तास चालेल? त्याची देखभाल कोण करणार? उत्तरं लेखी घ्या आणि पहिल्या पावसाआधी जाऊन तपासा.