आग अडवणारा लेप पावसात टिकतो का?

कापड, गोणपाट, पुठ्ठा असल्या हलक्या सामानाचा घरीच बांधलेला निवारा पटकन पेटू नये म्हणून त्याला काय लावाल? बहुतेक जण सांगतात, बोरॅक्सचं पाणी मारा. उत्तर चूक नाही, पण ते आलं कुठून ते बघा.

१६३८ मध्ये इटलीत सब्बातिनी यांनी नाटकाच्या पडद्यांच्या रंगात चिकणमाती आणि जिप्सम मिसळायला सुचवलं. १७३५ मध्ये इंग्लंडात वाइल्ड यांनी तुरटी आणि बोरॅक्स असलेल्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. १८२१ मध्ये फ्रान्समध्ये गे-ल्युसाक यांनी लिनन आणि तागासाठी अमोनियम फॉस्फेट, अमोनियम क्लोराइड आणि बोरॅक्स वापरलं. काही क्षार वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरतात, तर काहींतून न जळणारे वायू सुटतात, असं त्यांचं निरीक्षण होतं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. सब्बातिनी आणि गे-ल्युसाक यांच्या डोळ्यांपुढे नाट्यगृह होतं. तिथे पाऊस पडत नाही! हे क्षार पाण्यात विरघळतात, म्हणजे उघड्यावरच्या तंबूवरून ते पावसाबरोबर वाहून जाणार.

१९१२ च्या सुमारास मँचेस्टरला धाकटे पर्किन यांनी प्रश्नच बदलला: धुतल्यानंतरही कापड आगीला तोंड देईल का? त्यांनी कथिलाचं न विरघळणारं संयुग धाग्यातच बसवलं.

उलटी बाजूही बघा. ६ जुलै १९४४ रोजी अमेरिकेत हार्टफर्डला सर्कशीचा तंबू पेटला आणि १६० हून जास्त माणसं गेली. पाणी आत येऊ नये म्हणून त्या कापडाला पेट्रोलमध्ये विरघळवलेलं पॅराफिन मेण लावलेलं होतं. पावसापासून वाचवणाऱ्या लेपानेच आग भडकवली.

आपल्याकडे कारवीचा कुड मातीने लिंपतात. काटक्या झाकल्या जातात, त्यामुळे ज्वाळा त्यांना थेट भिडत नाही. ही मातीही पावसाने झडते, पण लोक ती पुन्हा लिंपतात. डागडुजी हा त्या पद्धतीचाच भाग आहे.

म्हणून अशा लेपावरचा शोधनिबंध वाचताना 'कापड पेटलं नाही' एवढ्यावर थांबू नका. चाचणी कोऱ्या नमुन्यावर झाली की भिजवून वाळवलेल्या? किती वेळा भिजवलेल्या? लेप पुन्हा कधी लावायचा, हे सांगितलंय का? ही उत्तरं निबंधात नसतील, तर तुमचा संशोधनप्रश्न कदाचित तिथेच आहे. शेवटी त्या कापडाखाली कोणीतरी रात्री झोपणार आहे.