फराहबागेचा धडा

घर बांधावयाचे ठरले की आपण आधी गवंडी गाठतो. काय हवे ते मात्र भिंती उभ्या राहिल्यावर आठवते. ही खोड जुनी आहे. तिची साक्ष आपल्या नगरातच सापडते.

शहराच्या आग्नेयेस, कोरड्या पडलेल्या तळ्याच्या मधोमध, फराहबागेचा अष्टकोनी महाल उभा आहे. पहिल्या मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत (१५६५ ते १५८८) येथील काम नियामतखानाने केले. ते सुलतानाच्या पसंतीस उतरले नाही. इमारत पाडण्यात आली. नवे काम सलाबतखानाकडे गेले व १५८३ मध्ये पुरे झाले. आपण पाहतो तो हा दुसरा महाल.

दरबारी सरदार म्हणजे आजचा कंत्राटदार नव्हे; परंतु तिढा तोच. काय हवे, कशासाठी हवे, खर्च किती झेपेल, हे ठरविणे मालकाचे काम. कसे बांधावे, मजूर व माल कसा जमवावा, मुदत कशी पाळावी, हे कंत्राटदाराचे. मालक मोघम बोलला, तर पाया खणण्यापूर्वी त्याला नेमके विचारणे हेही कंत्राटदाराचेच कर्तव्य. कागदावरची रेघ खोडायला काय लागते? बांधलेली भिंत पाडली की चुना, दगड आणि माणसांचे श्रम, सारेच मातीत जाते.

सुलतानाच्या खजिन्याला दुसरा महाल परवडला. गावच्या शाळेचे वा पाण्याच्या टाकीचे मालक मात्र आपण सारे आहोत. आपल्याला दुसऱ्यांदा बांधणे परवडेल काय?