पत्र्याची उलट बाजू

आमचं दुबलगुंडी बिदर जिल्ह्यातलं, हुमनाबाद तालुक्यातलं. त्यामुळे पृष्ठभागाचा विषय निघाला की आधी बिदरी काम आठवतं. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, त्यावर नक्षी कोरतात आणि कोरलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप लावला की भांडं काळंभोर होतं, चांदी पांढरीच राहते. बघणाऱ्याला दिसते ती चांदीची रेघ. तिला धरून ठेवणारी खाच मात्र दिसत नाही.

मोटारीच्या पत्र्याचा इतिहासही असाच दोन बाजूंचा आहे. दिसणाऱ्या बाजूचं कौतुक आधी झालं. १९२७ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली गाडीच्या रूपासाठी वेगळा विभागच काढला. तिथे मातीचे नमुने घडवून आकार ठरू लागले. पुढे फ्रान्समध्ये सित्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनोचे पिएर बेझिए यांनी ती वळणं गणितात बसवली. बाहेरून दिसणाऱ्या या भागाला कारखान्यात 'क्लास ए' म्हणतात. ट्यूबलाइटच्या रांगांखाली गाडी उभी करायची आणि पत्र्यावरचं प्रतिबिंब बघायचं. उजेडाची रेघ कुठे थरथरली, तर तिथे खळगा आहे समजायचं.

आपल्याकडे १९९८ साली पुण्याच्या टेल्कोने इंडिका आणली, तेव्हा बाहेरच्या रूपाला इटलीतल्या तुरीनच्या संस्थेचा हात लागला होता. रूप लोकांना आवडलं. तक्रारी आल्या त्या आतल्या कामाच्या. त्या निस्तरून २००१ साली सुधारलेली 'व्ही-टू' आली, आणि मग गाडीचा जम बसला.

न दिसणाऱ्या बाजूचा खरा शत्रू गंज. दाराच्या पोकळीत, जमिनीच्या पत्र्याखाली पाणी साचतं, तिथे ब्रश पोचत नाही. म्हणून १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीने गाडीचा अख्खा सांगाडाच रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडायची पद्धत आणली. विजेच्या ओढीने रंग सांदीकोपऱ्यांतही जाऊन बसतो. आज बहुतेक कारखाने हेच करतात. कुर्ल्यात बनलेली जुनी पद्मिनी आठवा. मुंबईच्या खाऱ्या हवेत वरून काळी-पिवळी चकचकीत, आणि पायाखालचा पत्रा कापून नवा जोडलेला!

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या या सीमाभागात तूर विकून, सोनं गहाण ठेवून घेतलेली गाडी बहुतेकदा सेकंडहँड असते. विकणारा पुट्टी भरून, रंग मारून उभी करतो आणि घेणारा बॉनेटवर हात फिरवून खूश होतो. पण अपघातात माणसाला सांभाळतो तो आतला सांगाडा. तोच गंजलेला असेल तर वरची चकाकी काय कामाची? लुगडं घेताना आपण बाया पदर उलटा करून बघतोच की. मग गाडी घेताना पायाखालची चटई उचलावी, स्टेपनीचा खड्डा बघावा, दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवावं. घरच्या बाईनेही सोबत जावं. उलट बाजू बघायची सवय तिला आधीपासूनच असते.