डॅशबोर्डच्या मॅट पृष्ठभागाचे पुनर्स्थापन

डॅशबोर्डच्या मॅट पृष्ठभागाचे पुनर्स्थापन हे जुन्या मोटारींच्या जतनातील एक काम आहे. ऊन, घर्षण किंवा अयोग्य पॉलिश यांमुळे चकचकीत, डागाळलेला अथवा फिकट झालेला डॅशबोर्ड त्याच्या मूळच्या बिनचकाकीच्या अवस्थेत आणणे, हा त्याचा उद्देश असतो.

मॅट पृष्ठभागाचे प्रयोजन

गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एकाच दिशेने परावर्तित करतो, तर सूक्ष्म खडबडीत पृष्ठभाग तो सर्व दिशांना विखुरतो. म्हणूनच मॅट डॅशबोर्ड हा केवळ शोभेचा नसून चालकाच्या सुरक्षिततेशी निगडित असतो. सूर्य समोर कललेला असताना चकचकीत डॅशबोर्डवरील तिरीप थेट डोळ्यांवर येते. सूर्य वर असताना डॅशबोर्डचे प्रतिबिंब पुढच्या काचेत उमटून रस्त्यावर धूसर पडदा आल्यासारखे दिसते. आटगाव (ता. शहापूर, जि. ठाणे) परिसरातून जाणारा मुंबई–नाशिक महामार्ग ढोबळमानाने नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातो. त्यामुळे सकाळी नाशिककडे व सायंकाळी मुंबईकडे जाताना सूर्य बराचसा समोर येतो. पुढे कसारा घाटातील सावलीच्या वळणांवर काचेतील प्रतिबिंब अधिक ठळक भासते आणि पादचारी किंवा जनावर उशिरा दिसण्याचा धोका वाढतो.

द्रव्ये

डॅशबोर्ड रंगवलेला पोलादी पत्रा, एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलीन हे कठीण प्लास्टिक, अथवा फोमवर चढवलेले पीव्हीसीचे आवरण यांपैकी एखाद्या द्रव्याचा असतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसडर आणि १९८३ साली बाजारात आलेली मारुती ८०० या गाड्यांचे जतन करताना प्रथम द्रव्य ओळखावे लागते. प्लास्टिकवरील मॅटपणा बहुधा साच्यातूनच उमटलेल्या बारीक कणीदार नक्षीमुळे येतो, तर रंगाचा मॅटपणा त्यात मिसळलेल्या सिलिकासारख्या द्रव्यामुळे येतो.

बिघाडाची कारणे

उन्हात बंद उभ्या केलेल्या मोटारीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सियसच्या आसपास तापू शकतो. उष्णतेमुळे पीव्हीसीमधील मऊपणा देणारी द्रव्ये बाहेर पडतात. आवरण चिकट होते, पुढे कडक होऊन तडकते. अतिनील किरणांमुळे रंग विटतो. सिलिकॉनयुक्त पॉलिश किंवा खोबरेल तेल लावल्यास नक्षीतील खळगे भरतात, चकाकी येते आणि धूळही चिकटते. सततच्या घासण्याने नक्षीची टोके झिजतात. ही झीज स्वच्छतेने भरून येत नाही.

पद्धती

१. स्वच्छता : मऊ ब्रशने धूळ काढून, सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पृष्ठभाग पुसतात. पाणी थेट फवारल्यास ते विजेच्या जोडण्यांत शिरू शकते.

२. जुने पॉलिश काढणे : पाण्यात मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल प्रथम नजरेआडच्या भागावर वापरून पाहतात. थिनर व ॲसिटोन वर्ज्य मानतात, कारण ॲसिटोनने एबीएस विरघळते.

३. संरक्षण : पाण्यावर आधारित, अतिनील किरणांना रोखणारे आणि चकाकी न आणणारे द्रावण फडक्यावर घेऊन पातळ लावतात व उरलेले पुसून टाकतात. अनेक गाड्यांत एवढ्यानेच मूळ रूप परतते.

४. रंगकाम : विटलेला भाग सुटा करून, तेलकटपणा पूर्ण काढून प्लास्टिकसाठीचा लवचीक मॅट रंग अनेक पातळ थरांत फवारतात. पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहज धरत नसल्याने आधी विशेष अस्तर द्यावे लागते. जाड थराने नक्षी बुजते. पोलादी डॅशबोर्डवर गंज काढून प्रायमर दिल्यानंतर रंग देतात.

मॅट पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून किंवा रबिंग कंपाउंडने सुधारत नाही. त्याने चकाकी वाढते. एअरबॅग असलेल्या गाड्यांत तिच्या झाकणावर रंग देणे टाळतात, कारण ते ठरलेल्या जागी फाटून उघडणे आवश्यक असते.

मूळपणाचा प्रश्न

भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरबदल न झालेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यामुळे जतनाच्या दृष्टीने स्वच्छता प्रथम, रंगकाम त्यानंतर आणि भाग बदलणे अखेरीस, असा क्रम इष्ट ठरतो. मूळ नक्षी एकदा बुजली की ती परत आणणे जवळजवळ अशक्य असते.