ग्रहण आणि साखर

आज लढाईची गोष्ट नाही. मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. पण इतिहास वाचायची खोड आहे, आणि आजचा इतिहास आमच्याच घरातून सुरू होतो.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमचं जुनं घर. नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग जी मराठी घरं छत्तीसगडात आली, त्यांतलं एक. मी आठ-नऊ वर्षांचा असताना काकूला बाळ झालं. चांगलं गुटगुटीत, सगळ्यांनी कौतुक केलं. संध्याकाळपर्यंत ओठ निळे पडले, तिसऱ्या दिवशी बाळ गेलं. घरात निकाल लागला: काकूनं ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती. त्या दिवसांत मोरीत मुंग्या लागायच्या, हे मात्र फक्त आजीला आठवत होतं. काही वर्षांनी काकूला मधुमेह निघाला.

आता जगाकडे वळू. 1882 साली मॅथ्यूज डंकन या डॉक्टरांनी लंडनमध्ये मधुमेही बायकांच्या 22 गरोदरपणांची नोंद मांडली. आया आणि बाळं, दोन्हींच्या मृत्यूंनी ती भरलेली आहे. 1922 च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं, आणि मधुमेही मुली जगून आई होण्याच्या वयाला पोचू लागल्या. त्यांची बाळं मात्र दगावतच होती. बॉस्टनला जोस्लिन यांच्याकडे 1924 मध्ये रुजू झालेल्या प्रिसिला व्हाइट या डॉक्टरीणबाईंनी पन्नास वर्षं याच एका प्रश्नाला दिली. त्या आल्या तेव्हा निम्मी बाळं जगत, निवृत्त झाल्या तेव्हा शंभरातली नव्वदच्या वर. माझ्या मते हा विजय कुठल्याही रणांगणावरच्या विजयापेक्षा लहान नाही, पण शाळेच्या पुस्तकात बाईंचं नाव नाही.

कारण उलगडलं कोपनहेगनच्या पेडरसन यांनी, 1950 च्या दशकात. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं. इन्सुलिन वाढ करवतं, म्हणून बाळ गुटगुटीत. हृदयाचे स्नायूही वाढतात, विशेषतः खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा जाड होतो. फार जाड झाला तर रक्ताची वाट अडते. जन्मानंतर आईची साखर बंद होते, आणि बहुतेक बाळांचा पडदा काही महिन्यांत आपोआप पातळ होतो.

दुसरा धोका वेगळा आणि आधीचा. गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात हृदयाची बांधणी होते. त्याच वेळी साखर चढलेली असेल तर पडद्यात भोक राहणं, मोठ्या रक्तवाहिन्या चुकीच्या जागी जोडल्या जाणं, असे दोष राहू शकतात. 1981 मध्ये बॉस्टनच्याच डॉक्टरांनी 116 गरोदर मधुमेही बायकांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी केली. ज्यांचा आकडा 8.5 पर्यंत होता त्यांच्या बाळांत मोठे जन्मदोष शंभरात तीन-चार, आणि त्यावर गेलेल्यांत बावीस. म्हणून ज्यांना मधुमेह आधीपासून आहे त्यांनी साखर दिवस जाण्याआधीच आवरायची. गरोदरपणातच उशिरा, सहाव्या महिन्याच्या सुमारास होणाऱ्या मधुमेहात हृदय आधीच बांधून झालेलं असतं. तिथे भीती मुख्यतः जाड पडद्याची.

आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. शेषय्या यांनी एक सोपी तपासणी रुजवली. पोटात अन्न असो नसो, 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं, 140 किंवा वर आलं तर मधुमेह. बस्तरकडून रात्रीची बस पकडून आलेल्या बाईला उपाशी पोटी उद्या परत या म्हणणं किती निरर्थक आहे, हे ज्यानं तो रस्ता पाहिलाय त्याला कळेल. पहिल्याच भेटीत एकदा आणि 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा, असा सरकारी नियम आहे.

आणि आमचं रायपूर? नव्या रायपुरात 2012 मध्ये सत्य साई संजीवनी रुग्णालय उभं राहिलं. तिथे जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांवर मोफत शस्त्रक्रिया होतात, पैसे भरायची खिडकीच नाही. आपले सुनील गावस्कर या कामाच्या पाठीशी आहेत. बाहेरच्या बाकांवर ओडिशाची, झारखंडची, गडचिरोलीची माणसं बसलेली दिसतात.

गेल्या वर्षी काकूच्या नातीला दिवस गेले. तिला मधुमेह आधीपासून. वर्षभर साखर आवरून मगच तिनं निर्णय घेतला होता. विसाव्या आठवड्यात बाळाच्या हृदयाची इको झाली, जोडणी ठीक. नवव्या महिन्यात पडदा थोडा जाड दिसला आणि घर पुन्हा घाबरलं. बाळ सहा महिन्यांचं होईतो तो सरळ झाला.

बारशाच्या दिवशी हे सगळं मी काकूला समजावून सांगितलं. तिच्या बाळाला नेमकं काय होतं ते आज कुणीच सांगू शकणार नाही, हेही सांगितलं. ती आता ऐंशीच्या घरात आहे. बराच वेळ गप्प राहून तिनं विचारलं, "अरे, हृदय बनतं कितव्या आठवड्यात म्हणालास?"

"आठव्यापर्यंत सगळं झालेलं असतं."

"तेव्हा तर मला दिवस गेलेत हेही धड कळलं नव्हतं," ती म्हणाली. "ग्रहण त्यानंतर दोन महिन्यांनी लागलं होतं."