साताऱ्याची श्रमविद्या

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशीं वसलेल्या साताऱ्याचें विद्यावैभव केवळ धनिकांच्या देणग्यांवर उभें राहिलेलें नाहीं. १९२४ सालीं भाऊराव पाटील यांनीं येथें वसतिगृह काढलें. नाना जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवूं लागलीं. पाणी भरणें, स्वयंपाक, शेतकाम हें सारें तीं स्वतःच करीत. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें वसतिगृहास छत्रपति शाहूंचें नांव मिळालें. परंतु नांवानें पोट भरत नाहीं. कोठी रिती झाली, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं दागिने दिले, अखेर मंगळसूत्रही मोडलें. १९३० सालीं त्या निवर्तल्या. १९४७ सालीं येथेंच छत्रपति शिवाजी कॉलेज निघालें. कुदळ धरणाऱ्या मुलांस तेथें ‘कमवा व शिका’ या मार्गानें पदवीपर्यंत जातां आलें. त्या पायरीचें मोल एका माउलीनें आधींच चुकतें केलें होतें.