शेजारणीच्या सहीवर

पहाटेचे चार. लालबागमधल्या एका चाळीच्या लांबलचक व्हरांड्यात तुम्ही उभ्या आहात. १९७४ साल नुकतंच लागलंय. ओळीने दहा बाय बाराच्या खोल्या आणि त्यातल्या एकीचं दार सताड उघडं. आतून स्टोची घरघर ऐकू येते, घासलेटचा वास आणि भाजल्या कांदा-खोबऱ्याचा धूर एकदमच अंगावर येतो.

"उभी कशाला, बाय? पीठ मळ." मावशी मान वर न करता परात तुमच्याकडे सरकवते. तुम्ही कोण, कुठून आलात, हे या खोलीत कोणी विचारत नाही. रिकामे हात दिसले की त्यांना काम मिळतं.

तुम्ही मळायला बसता. वीस माणसांच्या चपात्या, भात, आमटी, कालवण; सकाळी एकदा आणि रात्री पुन्हा. ही वीस माणसं गिरण्यांत कामासाठी रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेली. बायकामुलं गावी. इथे एका गाळ्यात पंधरा-वीस जण राहतात आणि झोपतात पाळीपाळीने; पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर वळकटी पसरतो. चूल मांडायला जागाच नाही. त्यांच्यासाठी मावशीची खोली म्हणजे स्वयंपाकघर आणि आजारपणात मऊभात मिळण्याची जागाही. वयाने तिच्याहून मोठे साचेवालेसुद्धा तिला मावशीच म्हणतात.

मावशीच्या नवऱ्याला गिरणीतून कमी केल्यापासून घर हीच चालवते. पण रेशनकार्डावर ती गृहिणी आहे. दुकानाचा परवाना नाही, पाटी नाही, बँकेत खातं नाही. रोज चाळीस ताटं वाढणारा हा धंदा कुठल्याच कागदावर नाही.

भाजी चिरता चिरता तुम्ही मनातल्या मनात हिशेब मांडता, कारण सवय सुटत नाही. खर्च रोजचा, जमा महिन्यातून एकदाच, दहा तारखेला पगार झाला की. मधले दिवस वाण्याच्या उधारीवर निघतात आणि उधारीवरचा माल वाणी दोन पैसे चढवूनच देतो. त्याचंही भागलं नाही, तर सावकार.

"किती घेतो?" तुम्ही विचारता.

मावशी दाराकडे बघते. मग आवाज खाली आणून म्हणते, "शंभराला दहा. महिन्याला."

दुपारी दोन दारं सोडून पलीकडच्या वहिनी तुम्हाला तांदूळ निवडायला बोलावतात. त्यांचीही खाणावळ, त्यांच्याकडेही वीसेक माणसं. बोलता बोलता त्याही एक आकडा सांगतात, तितक्याच खालच्या आवाजात. शंभराला बारा. सावकार तोच.

तुम्हाला दोन्ही आकडे ठाऊक आहेत. त्या दोघींना मात्र एकमेकींचा ठाऊक नाही. आणि या काही अनोळखी बायका नव्हेत. एकाच नळावर पाणी भरतात. एकीच्या बाळंतपणात दुसरीने रात्र जागवली आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू, गणपतीची आरती, कुणाच्या मयताला लागणारी वर्गणी, सगळं एकत्र. एकीच्या घरात काय शिजतंय हे दुसरीला वासावरून कळतं. फक्त पैशाचं बोलणं दाराआड ठेवायचं, कारण कर्ज म्हणजे घरची अब्रू. मला या चाळीतली सगळ्यात महागडी गोष्ट हीच वाटते. सावकाराची सारी ताकद त्याच्या पैशात नाही. प्रत्येकीशी तो वेगळा दर बोलू शकतो, यात ती आहे.

एका सकाळी भोंगा वाजत नाही. गिरण्या बंद. संप बेचाळीस दिवस चालतो. मैदानात सभा होतात, लाल झेंडे निघतात, वाटाघाटींच्या बातम्या छापून येतात. इकडे खोलीत वीस माणसं दोन्ही वेळ पानावर बसतात आणि त्यांच्यातल्या एकाच्याही खिशात पैसा नाही. पंधराव्या दिवशी वाणी हात आखडता घेतो. मोठं पातेलं आधी गहाण जातं, मग कानातलं, मग मंगळसूत्र. सोनाराकडे जाताना तुम्ही मावशीच्या सोबत असता. ती वाटेत एकच वाक्य बोलते: "जेवायला बसलेल्याला उठ कसं म्हणायचं?"

संपाची गोष्ट आपल्याला पुढाऱ्यांच्या भाषणांतून माहीत असते. हे बेचाळीस दिवस कोणाच्या उधारीवर निघाले, हे मात्र क्वचितच कोणी लिहिलं. ज्यांच्या नजरेला ते पडलं, त्यांच्यात प्रेमा पुरव होत्या. तरुणपणी गोव्याच्या मुक्तिलढ्यात उतरलेल्या, पुढे मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या कामगार चळवळीत मुरलेल्या. कामगारांचं कुटुंब चालतं कसं, हे त्या खोल्यांमध्ये जाऊन बघत होत्या. गिरणीतला कामगार संघटित आहे आणि त्याला जेवू घालणारी कामगारीण एकटी, हे त्यांना खुपलं.

आता १९७५ मध्ये या. त्याच चाळीत, जरा मोठ्या खोलीत, सतरंजीवर बायका दाटीवाटीने बसल्यात. सुरुवातीला बोलणं घासलेटच्या रांगेवरून आणि रेशनच्या तांदळातल्या खड्यांवरून. ते नवीन नाही. १९७२ पासून महागाईविरुद्ध मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरतच होत्या. पण इथे बोलणं पुढे सरकतं. कोपऱ्यातली एक म्हातारी कर्जाचा विषय काढते. खोली गप्प. तुम्ही मावशीकडे बघता. मावशी पदर सारखा करते आणि म्हणते, "माझं शेकडा दहा."

पलीकडच्या वहिनी गर्रकन वळतात. "दहा? माझ्याकडून बारा घेतो मेला!"

मग आकड्यांना बांध राहत नाही. कोणाचं दहा, कोणाचं पंधरा, कोणाची भांडी तीन वर्षं अडकलेली. कोणी रडतं, कोणी सावकाराला शिव्या घालतं. त्या गलक्यात जे घडतंय, त्याला तुमच्या काळात परिषदा भरवून आणि ओळखपत्रं गळ्यात अडकवून मोठी नावं दिली जातील. इथे त्याला नाव नाही. एका धंद्यातल्या बाईने दुसरीला खरा दर सांगितला, एवढंच.

त्या वर्षी प्रेमाताईंच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. पुढचा भाग कागदांचा आहे, पण तो टाळून चालणार नाही. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. १९७२ पासून अगदी गरिबांसाठी वर्षाला ४ टक्के व्याजाच्या कर्जाची योजनाही होती. म्हणजे सोय होती, मावशीपर्यंत तेवढी पोहोचत नव्हती. तारण काय, जामीन कोण, धंद्याचा पुरावा कुठे, या तीन प्रश्नांवर ती काउंटरवरूनच परत फिरली असती. फरक लक्षात घ्या. शंभर रुपये वर्षभर वापरले तर सावकाराला द्यायचं व्याज एकशेवीस रुपये. या योजनेत चार.

तारणाच्या जागी बायकांनी एकमेकींना उभं केलं. चाळीतल्या, आसपासच्या खाणावळवाल्यांचा गट; एकीचं कर्ज थकलं तर गट जबाबदार. बँकेत तुम्ही त्यांच्याबरोबर जाता. पंख्याखाली बाकावर बसलेल्या बायका, साडीच्या घड्या अजून न मोडलेल्या. काहींनी सही गिरवून गिरवून आणलीय, काही अंगठा उठवतात. मावशीच्या कागदावर वहिनी जामीन, वहिनींच्या कागदावर मावशी.

हे भोळेपणाचं नव्हतं. साहेबाला सातबारा कळतो, पण ही बाई पैसे घेऊन मुलीचं लग्न लावेल की तांदळाची पोती भरेल, हे त्याला कसं कळणार? शेजारणीला कळतं. कोणाचा नवरा दारूत उडवेल, कोण उपाशी राहील पण हप्ता चुकवणार नाही, हे तिला वर्षानुवर्षं दिसतंय. चाळीतली ती बारीक नजर एरवी बाईला जाच करते. इथे त्याच नजरेची पत झाली. आणि जाच काही संपला नाही, हेही सांगायला हवं. हप्ता चुकलेल्या बाईच्या दारात चार जणी जाऊन बसतात, तेव्हा तो पाठिंबा असतो आणि धाकही असतो. तिला त्या दिवशी काय वाटत असेल, याचा विचार न करता गटाचे गोडवे गाणं मला पटत नाही. तरी दारात बसलेल्या त्या चौघी उठून जाताना तिचं पोरगं तापाने फणफणलंय हे बघतात आणि एक जण डॉक्टरकडे घेऊन जाते. सावकाराचा माणूस तसं करत नव्हता.

कर्ज हातात पडतं आणि घाऊक बाजारातून रोखीने पोती येतात. मोठं पातेलं सोडवून आणलं जातं. मावशी पहिल्यांदाच वाण्याला, "हा तांदूळ नको, दुसरा दाखव," म्हणते. उधारीवर घेणाऱ्याला हे वाक्य परवडत नाही.

आणखी पुढे. १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर. या वेळी बेचाळीस दिवसांनी भोंगा वाजत नाही. वर्ष उलटतं तरी वाजत नाही. गाळ्यातली माणसं वळकट्या बांधून गावी निघतात. काही जण निघण्याआधी मावशीच्या पाया पडतात आणि उधारीची वही तशीच राहते. खाणावळीचं गिऱ्हाईकच नाहीसं होतं. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा तसं परतलं नाही.

एकटीदुकटीची खाणावळ असती तर ती इथेच संपली असती, आणि कितीतरी संपल्याही. मंडळामुळे सगळ्या वाचल्या, असं मी म्हणणार नाही. पण ज्यांच्यामागे मंडळ होतं, त्यांच्यापुढे दुसरा रस्ता तरी होता: स्वयंपाक तोच, गिऱ्हाईक नवं. दादरला मंडळाच्या स्वयंपाकघरातून कचेऱ्यांना, समारंभांना जेवण जाऊ लागलं. पुढे वाशीलाही केंद्र झालं. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

तुम्ही मात्र अजून दादरच्या त्या स्वयंपाकघरात आहात. एका कचेरीचा माणूस आलाय, दोनशे पानांची मोठी ऑर्डर घेऊन. मावशीला तो बाजूला घेतो आणि एक दर सुचवतो. इतकं मोठं काम म्हणजे जरा कमी करायला हवं, म्हणतो. पूर्वीची मावशी मान हलवून मोकळी झाली असती. आत्ता ती त्याला बाकावर बसवते, चहा सांगते आणि आत येऊन विचारते, "गेल्या महिन्यात लग्नाच्या जेवणाला आपण काय लावलं होतं गं?"

वहिनी तांदळातून हात न काढता आकडा सांगतात. दुसरी म्हणते, तेव्हा तेल स्वस्त होतं, एक रुपया वाढव. तिसरी म्हणते, पोचवायचं भाडं वेगळं सांग. मावशी तिन्ही आकडे बोटांवर जुळवते आणि दर सांगायला बाहेर जाते.